हूक लावू नका

(भोरला भरलेल्या युवक अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याच्या भरात सुटलेलं नंतर लिहून काढलं आहे.)



आपण भोरात बसलोय. खाली नीरा वाहते, वर भाटघरचं धरण, पल्याड वेल्हे. मार्च २०२४ मध्ये सरकारनं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. ठरवू द्या. नाव बदललं म्हणून डोंगरातल्या वस्तीची पायवाट रुंद झाली नाही. पानशेतचं, वरसगावचं पाणी खडकवासल्यातून पुण्याला जातं, तिथल्या दवाखान्यांच्या नळालाही तेच येतं. भाटघरचं पाणी बारामतीकडच्या उसाला जातं. या दोन तालुक्यांच्या पाण्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. इथला माणूस आजारी पडला की त्याला मात्र चिठ्ठी लागते, ओळख लागते, गाडी लागते, आणि एवढं करून तो पुण्याला पोचला तर तिथं तो माणूस राहत नाही. 'केस' होतो. त्या केसबद्दल मला बोलायचंय.

शिबिरवाल्यांनी विषय दिलाय 'वैद्यकीय शिक्षण आणि मानवी हक्क'. मी दहावी पास. गोदीत माल उतरवतो आणि कविता लिहितो. मला हा विषय दिला कारण मागच्या वर्षी एका मेडिकल कॉलेजात मला बोलावलं होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही. २०१९ पासून देशभर एमबीबीएसच्या पोरांना नीतीचे तास लावलेत. डॉक्टरनं कसं वागावं, कसं बोलावं, संमती कशी घ्यावी, असे धडे. पहिल्याच वर्षात एक धडा आहे, 'रुग्ण असणं म्हणजे काय'. तिथल्या एका प्राध्यापक बाईंनी माझी दवाखान्यावरची कविता कुठंतरी वाचली होती. त्या म्हणाल्या, हा धडा आम्ही डॉक्टरच शिकवतो, तुम्ही येऊन बोला. मी पाळी बदलून गेलो.

समोर दीडशे पोरं-पोरी, सगळे पांढऱ्या कोटात. माझ्या हाताला गोणीचे घट्टे. काय बोलू? मी गोदीपासूनच सुरू केलं. म्हटलं, गोदीत मी पहिल्यांदा खुणा वाचायला शिकलो. खोक्यावर काचेचा पेला काढला असेल तर आत फुटणारा माल. छत्री असेल तर पाणी लागू द्यायचं नाही. दोन बाण वर असतील तर उलटं ठेवायचं नाही. आणि गाठीवर हूकाचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली असली की समजायचं, हूक लावू नका. मुकादम शिव्या देतो, पण त्या फुलीला तोही मान देतो. कारण गाठीला भोक पडलं तर मालक भरपाई मागतो. मालाला मालक असतो म्हणून मालाला हक्क असतात. माणसाच्या अंगावर असली खूण कुठं छापलेली नसते.

मग मी त्यांना माझ्या आत्याचं सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

मी तेव्हा दहावीला होतो. आत्या वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत बौद्धवाड्यात राहते. अंगावरून जायचं तिच्या, महिनोन्‌महिने. बोलायची नाही. एक दिवस भातलावणीत चिखलात बसली ती उठलीच नाही. वरच्या आळीत जीप होती. जीपवाला म्हणाला, डिझेल नाय. संध्याकाळी तीच जीप बाजारातून आली. आम्ही घोंगडीची डोली केली, बांबूला बांधली, वाड्यातली चार पोरं पाळीपाळीनं खांदा द्यायला. पाऊस वेल्ह्याचा, तुम्हाला ठाऊक आहे. डांबरी लागेपर्यंत अडीच तास. तिथून एका दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरनं टेबलापलीकडनं विचारलं, वाडा कुठला? सांगितलं. त्यानं नाडी धरली नाही. चिठ्ठी लिहिली, पुण्याला न्या.

पुण्यात मोठा दवाखाना, शिकवणीचा. मी रात्रभर कॉटखाली झोपलो. सकाळी राउंड आला. मोठे साहेब पुढं आणि मागं दहा-बारा पोरं. पडदा होता, पण कुणी ओढला नाही. साहेबांनी आत्याचं लुगडं वर सारलं, पोट दाबलं, इंग्रजीत काहीतरी बोलले. मग म्हणाले, या, एकेकानं बघा. एकेक जण पुढं येऊन दाबून गेला. पहिला, दुसरा, पाचवा, नववा. आत्या विव्हळली तर एक जण म्हणाला, "सैल सोडा, मावशी." नाव कुणी विचारलं नाही. मी पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, भिंतीकडं तोंड करून उभा. ते गेल्यावर आत्यानं लुगडं सारखं केलं आणि हळूच म्हणाली, "माज्या प्वाटाची काय गावची चावडी हाय का रं?"

ऑपरेशन झालं. अंगठा घेतला. काय काढलं, कुणी सांगितलं नाही. आत्या दोन वर्षं सगळ्यांना सांगत होती, पोटात गोळा होता, काढला. मी गोदीला लागलो, खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं लावायला लागलो, तेव्हा सुट्टीत गावी येऊन तिचं डिस्चार्ज कार्ड उघडलं. लांबलचक शब्द होता. लागेना. आशाताईला दाखवला. आशाताई जरा गप्प राहिली, मग म्हणाली, "पिशवी काढलीया त्यांची." आत्याला एकच लेक, दुसरं पोर होईल म्हणून तिनं त्या दोन वर्षांत नवस केला होता.

पिशवी काढायची गरज असेलही. मी डॉक्टर नाही. जीव वाचला तिचा, तो त्याच ऑपरेशननं वाचला असेल. पण तिच्या पोटातलं काय गेलं ते तिला शेवटी कळलं माझ्या गोदीतल्या इंग्रजीनं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात सांगितलंय की रुग्णाला आधी समजावून सांगून, त्याच्या होकारानं, आणि होकार जेवढ्याला तेवढंच. तो खटलाही पिशवी काढल्याचाच होता. आणि बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. म्हणजे आत्या एकटी नाही. आत्यांची फौज आहे.

हे सांगून झालं तर हॉल गप्प. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. उर्मट नव्हता, खरंच विचारत होता. म्हणाला, "सर, मग आम्ही शिकायचं कुणावर?"

दोस्तांनो, मी अडकलो. उत्तर येईना. माझ्याकडे राग होता, उत्तर नव्हतं. कारण प्रश्न खोटा नाही. पोट दाबल्याशिवाय पोट कळत नाही. मी स्वतः पहिल्या महिन्यात चार गोण्या फाडल्या तेव्हा हूक टाकायला शिकलो. त्या रात्री गाडीत बसून मी तोच प्रश्न उलटा करून बघत होतो. शिकायचं कुणावर, हे पुढचं. आजवर हे शिकले कुणावर?

प्रेतापासून सुरू करा. मुंबई शरीरशास्त्र कायदा १९४९ चा. दवाखान्यात, तुरुंगात, रस्त्यावर जो मेला आणि ज्याच्या प्रेतावर कुणी हक्क सांगायला आलं नाही, ते प्रेत मेडिकल कॉलेजला देता येतं. बेवारस कोण मरतो? बंगलेवाला मरतो का बेवारस? फुटपाथवरचा, गोदीतला, गाव सोडून आलेला मरतो. आज देहदान करणारे लोक वाढलेत, त्यांना सलाम. पण पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांनी माणसाचं काळीज पहिल्यांदा हातात धरलं ते कुणाचं होतं, याचा हिशेब मांडा. आणि गावाकडच्या शवागारात चिरायला कोण उभा असतो? कितीतरी ठिकाणी सफाई कामगार. तो कापतो, डॉक्टर नाकाला रुमाल लावून लांबून लिहितो. मेल्यावरही विटाळ सुटत नाही.

त्या नीतीच्या धड्यांमध्ये आणखी एक आहे, 'प्रेत आपला पहिला गुरू'. पोरं प्रेतापुढं हात जोडून शपथ घेतात. मला ते आवडलं. फक्त माझा एक सवाल आहे. बेवारस मेला तर गुरू, मग जिवंतपणी हाच माणूस ओपीडीच्या रांगेत उभा होता तेव्हा तो कोण होता?

आता १९७२ साल घ्या. आपल्यासाठी ते साल म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली ते साल. त्याच सालच्या जुलैत अमेरिकेत एक बातमी फुटली. अलाबामातल्या टस्कीगीला सरकारच्या आरोग्य खात्यानं १९३२ पासून ३९९ काळ्या माणसांचा गरमीचा रोग नुसता बघत ठेवला होता. तुलनेसाठी आणखी २०१ निरोगी काळी माणसं. गरीब शेतकरी-कुळं सगळी. त्यांना सांगितलं होतं, तुमचं रक्त बिघडलंय, फुकट इलाज करतो. पाठीच्या कण्यातनं सुईनं पाणी काढलं तेही 'खास फुकट उपचार' म्हणून. पेनिसिलिन आलं, रोग बरा होतो हे जगाला कळलं, तरी यांना दिलं नाही. मेल्यावर चिरून बघायचं होतं ना. १९४७ साली न्यूरेम्बर्गला नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना संहिता लिहिली की माणसाच्या स्वखुशीच्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग नाही. तो खटला चालवणारेही अमेरिकनच. नंतर पंचवीस वर्षं टस्कीगीत सुई टोचणं चालूच. आणि ज्यांच्यावरून आपल्या पँथरनं नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरनं त्याच १९७२ मध्ये आपल्या दहा कलमांत फुकट आरोग्यसेवेची मागणी घातली. त्याआधीच त्यांनी वस्त्यांतून स्वतःचे दवाखाने काढले होते. आपण त्यांच्याकडनं नाव घेतलं. दवाखाना घ्यायचा राहिला.

त्याच १९७२ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी पोरीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. देश तिला मथुरा म्हणून ओळखतो. डॉक्टरनं तपासून लिहिलं, अंगावर जखमा नाहीत, मुलीला शरीरसंबंधांची सवय आहे. खालच्या कोर्टात ते पोलीस सुटले, उच्च न्यायालयात शिक्षा लागली, सर्वोच्च न्यायालयातून पुन्हा सुटले. ते 'सवय आहे' कुठून आलं? डॉक्टरांच्या पुस्तकातून. दोन बोटांची तपासणी म्हणून ती पुस्तकात होती, परीक्षेत प्रश्न यायचा, मार्क मिळायचे. पोरीचा अपमान मार्कांना शिकवत होते.

पण आता पुढचं ऐका, कारण इथं आपल्याला काम आहे. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातले न्यायवैद्यकाचे डॉक्टर इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासणीविरुद्ध अहवाल लिहिला. तो कोर्टात गेला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही तपासणी बाईच्या प्रतिष्ठेवर घाला आहे. २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानं खांडेकरांच्याच प्रस्तावावरून कौमार्याच्या खुणांचा धडा अभ्यासक्रमातून काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी, आणि मेडिकलचा अभ्यासक्रमही तपासा. एवढं होऊनही ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य परत आलं, समलिंगी बायांना विकृत म्हणणारं कलमही आलं. लोक ओरडले, सप्टेंबरात मागं घ्यावं लागलं. म्हणजे पुस्तक बदलतं. पण आपण मान वळवली की ते जुनं पान पुन्हा चिकटवतात.

आणि पुस्तक बदलून भागत नाही. ज्या २०१९ मध्ये हे नीतीचे तास सुरू झाले, त्याच सालच्या २२ मे ला मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉक्टर पायल तडवी गेली. जळगावकडची, तडवी भिल्ल, बाळंतपणाच्या विद्येत पुढचं शिक्षण घेणारी. तिनं जीव दिला. जातीवरून छळ केला म्हणून तीन वरिष्ठ डॉक्टर बायांवर खटला भरला गेला. पायलच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दोन आयांनी सगळ्या विद्यापीठांना धडा शिकवायचं काम डोक्यावर घेतलं. मला सांगा, आपल्याच बाजूला बसणाऱ्या पोरीला राखीव जागेवरून टोमणे मारायची मुभा जिथं असते, तिथं त्या टोमणे मारणाऱ्याला माझ्या आत्याची संमती घ्यायला कोण शिकवणार? वसतिगृहात जे शिकतात तेच वॉर्डात करतात. हिप्पोक्रॅटिसची शपथ घ्यायची की चरकाची, यावर २०२२ मध्ये देशभर वाद झाला. आमच्याकडं संविधान आहे. सतरावं कलम आणि एकविसावं कलम पाठ करा, तेवढी शपथ पुरे.

आमच्याकडं गुरूही आहेत. १८९७ चा प्लेग. पुण्याबाहेर हडपसरकडं माळावर सावित्रीबाई आणि डॉक्टर यशवंत यांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर आणलं. पोर जगलं, आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांनी वाडा कुठला असं टेबलापलीकडनं विचारलं नाही. वैद्यकीय नीतीचं याहून मोठं पुस्तक मला दाखवा. पुणे जिल्ह्यातलं आहे, भाषांतर करावं लागत नाही.

दुसरं पुस्तक भोरच्या पलीकडं. इथून रस्ता वरंधा घाटानं उतरला की महाड. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला ते महाड. त्याच तालुक्यात बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर आला. लाल विंचू चावून माणसं मरत होती. मोठ्या शहरांना त्याचं काही नव्हतं, विंचू गरिबालाच चावतो. हा गडी रात्र रात्र रुग्णाजवळ बसून राहिला, काय होतंय ते बघत, लिहीत. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ला त्याचं लिखाण छापून आलं, पुढं प्राझोसिन या गोळीनं माणसं वाचायला लागली. तोही शिकला रुग्णावरच. पण रुग्णाशेजारी बसून. आणि २०१३ साली तपासणीला रुग्ण पाठवल्याचा कमिशनचा चेक आला तेव्हा त्यानं उघड तक्रार केली.

आता उत्तर सांगतो. ते माझं नाही. गावी गेलो तेव्हा आत्याला विचारलं. म्हटलं, आत्ये, एक डॉक्टर होणारा पोरगा विचारत होता, आम्ही शिकायचं कुणावर. आत्या भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "शिकू द्यात की. लेकरंच ती. मला इचारलं असतं तर म्याच सांगितलं असतं, हितं दाबू नको, हितं दाब, हितं दुकतंय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पडदा तेवढा वडायचा व्हता."

बस. यात सगळं आलं. संमती आली, प्रतिष्ठा आली, आणि शिकवणंही आलं. ती बाई शिकवायला तयार होती. तिला कुणी मास्तरीण मानलं नाही, फळा मानलं.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. 'रुग्ण असणं म्हणजे काय' हा धडा प्रत्येक मेडिकल कॉलेजात रुग्णानं शिकवावा. बौद्धवाड्यातल्या, कातकरी वाडीतल्या, झोपडपट्टीतल्या बाईनं. आणि तिचा रोज बुडतो म्हणून तिला प्राध्यापकासारखं मानधन द्यावं. हात लावण्याआधी नाव विचारावं, परवानगी घ्यावी, आणि ती नाही म्हणाली म्हणून तिचा इलाज अडू नये. काय केलं त्याचा कागद मराठीत द्यावा आणि वाचून दाखवावा. जात कशी चालते हा धडा अभ्यासक्रमात नावानिशी यावा. आणि इंटर्न पोरांना तीन महिने गावाकडचं काम असतंच, त्यातली एक खेप डोलीखाली खांदा देऊन व्हावी. पावसाळ्यात. वेल्ह्यात.

मागण्या करून घरी झोपायचं नाही. आपल्यालाही शिकायचंय. अपघाताचा माणूस पोलिसांच्या कागदासाठी अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये सांगितलं. बंगालच्या एका खेतमजूर संघटनेनं आपल्या माणसाला दवाखान्यामागून दवाखाना जागा नाही म्हणून परत पाठवला तेव्हा कोर्टात धाव घेतली, आणि १९९६ मध्ये न्यायालय म्हणालं, तातडीचा इलाज सरकारी दवाखान्यानं नाकारणं म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणं. मजुरांच्या संघटनेनं मिळवलाय तो निकाल, वकिलांच्या क्लबानं नाही. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत, ही योजना २००६ पासून आहे. खासगी दवाखान्यात रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची, हा राज्याचा नियम २०२१ चा. कितीजणांनी ती सनद वाचलीय? हात वर करा. बघा.

२००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख करायची सुरुवात झाली, पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे जिल्हा होता. जनसुनवायांत बाया उभ्या राहून डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना जाब विचारायच्या. तिथं आपण पुन्हा उभं राहायचं. तुम्ही शहरातली पोरं, वाचता येतं, इंग्रजी लागतं. तर दर रविवारी दोघंदोघं जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. कुणाला कागद वाचून हवा असेल त्याला वाचून द्या. कुणाचा पडदा ओढायचा राहिला असेल तर आधी त्या बाईला विचारा, मग ओढा. क्रांतीची सुरुवात पडद्यानं झाली तर मला लाज नाही वाटत.

त्या कॉलेजातलं एक सांगायचं राहिलं. तास संपला, मी जिना उतरत होतो. मागून एक मुलगी धावत आली, पांढरा कोट तिच्या अंगावर नवाकोरा. म्हणाली, "दादा, तुमच्या आत्याचं नाव काय?"

इतक्या वर्षांत, इतक्या पांढऱ्या कोटांत, विचारणारी ती पहिली. मी नाव सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

जयभीम.